सावडीचं दूध

लाल ठिपका पहिल्यांदा दिसला तेव्हा मी फोन पदराने पुसला. स्वयंपाक करता करता फोन बघायची माझी सवय, तिखटाचं बोट लागलं असेल असं वाटलं. पुसूनही तो गेला नाही. दूध कंपनीच्या ॲपमध्ये आमच्या गावाच्या नावापुढे रोज हिरवा ठिपका असायचा. त्या दिवशी तिथे लाल होता.

आमचं गाव कारंज्यापासून हायवेने थोडं पुढे आणि मग चार किलोमीटर आत. गावातलं दूध संकलन केंद्र मी चालवते. केंद्र म्हणजे ग्रामपंचायतीची जुनी खोली. तिच्यात वजनकाटा, फॅट मोजायचं यंत्र आणि दूध थंड ठेवणारी स्टीलची मोठी टाकी. तिला सगळे कूलर म्हणतात. तीन वर्षांपूर्वी कंपनीने तो बसवला. मला हे काम मिळालं कारण मी बारावी झालेली होते, आणि आवाज न चढवता भांडते अशी माझी गावात ख्याती आहे.

कूलरच्या आधी गावाचं दूध हायवेवरच्या खव्याच्या भट्टीवर जायचं. भट्टीवाला दुधात बोट बुडवायचा, चाटायचा आणि भाव सांगायचा. संध्याकाळचं दूध तो घेतच नसे. कूलर आल्यावर संध्याकाळचंही दूध विकलं जाऊ लागलं, आणि फॅटचा आकडा, ज्यावर लिटरचा भाव ठरतो, खिडकीबाहेरच्या पाटीवर सगळ्यांसमोर उमटू लागला. दोन वर्षांत गावात बाहेरून जनावरं आली. गाईम्हशींना घालायच्या ढेपेचं दुकान निघालं. जनावरांचा डॉक्टर आधी बोलावूनही यायचा नाही, तो आता दर आठवड्याला न बोलावता यायला लागला. हे सगळं त्या टाकीवर उभं होतं. टाकी गेली की भट्टीवाल्याचं बोट परत येणार, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा सुपरवायझर कारंज्याहून मोटरसायकलवर आला. पोरगा बरा आहे, फक्त बोलताना समोरच्याकडे न बघता फोनकडे बघतो.

"काकू, तीन पंधरवडे लाल राह्यलं तं कूलर उचलतात," तो म्हणाला.

"काऊन लाल झालं?"

"नवीन सिस्टीम आली ना. आधी मशीन नुसती पावती द्यायची. आता सगळा डेटा नागपूरले जाते. तिथं मॅडम पाह्यते, कोनत्या गावात काय चालू हाय ते. तुमच्या इथल्या सात कोडमंदी गडबड दिसून राह्यली."

त्याने फोन माझ्यापुढे धरला. एकाखाली एक सात आलेख होते, एकेका घराच्या खात्याचा, म्हणजे कोडचा, एकेक. प्रत्येकात सहा दिवस सपाट रेघ आणि सातव्या दिवशी उंच सुळका. करवतीचे दात असावेत तसे.

"सहा दिवस शून्य अन् एका दिवशी पस्तीस लिटर. दोन गाईच्या घरून पस्तीस लिटर कसे निघतात, सांगा बरं? सिस्टीम म्हनते बाहेरून दूध आनून टाकतात, नाईतं पावडर. अन् काकू, सातातला एक कोड तुमचाच हाय."

"पाहते मी," एवढंच मी म्हणाले. तेव्हाच खरं सांगून टाकलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

खरं अगदी साधं होतं. शेतीत सावड असते. आज तुझ्या शेतात मी राबते, उद्या माझ्या शेतात तू. पैशाची देवघेव नाही. आम्ही सात जणी दुधाची सावड करत होतो. भट्टीच्या काळात चार किलोमीटर पायी जायला सातही जणींची सकाळ जायची, म्हणून नऊ वर्षांपूर्वी आम्ही वार वाटून घेतले. प्रत्येकीने रोज सकाळी पाच लिटरचा एक डबा भरून द्यायचा, ज्या बाईचा वार तिने सगळ्यांचं दूध न्यायचं, आणि ते सगळं त्या दिवशी तिच्याच नावावर. सात दिवसांत सगळ्यांची फिटंफाट. संध्याकाळचं दूध ज्याच्या त्याच्या घरी, पोरांना आणि दह्याला. नियम एकच होता, डबा काठोकाठ हवा.

कूलर गावातच आला तेव्हा चालणं संपलं, पण रांग सुरू झाली. चाळीस घरांची रांग. आणि कापसाच्या वेचणीच्या दिवसांत जी बाई सकाळी लवकर शेतात पोचते तिला भरल्या बोंडांची ओळ मिळते, उशिरा आलेलीला राहिलेली. म्हणून सावड चालूच राहिली. इतकी, की आम्ही एकमेकींना वारांनीच ओळखायचो. सोमवार आमच्या गल्लीतल्या आत्याबाईंचा, बुधवार माझा, शुक्रवार पिठाच्या चक्कीवाल्या वहिनीचा.

मग हे सुपरवायझरला का सांगितलं नाही? कारण खोलीच्या दारावर पाटी होती: प्रत्येकाने आपलेच दूध आपल्याच कोडवर घालावे. ती पाटी मीच लावली होती, खिळेही मीच ठोकले होते.

तेव्हा मी एक उपाय केला. यंत्र बंद पडलं तर ॲपमध्ये हाताने नोंद करता येते. दुसऱ्या दिवसापासून मी सावडीचं दूध एकत्र मोजायचं आणि सातांत वाटून लिहायचं सुरू केलं. प्रत्येकीच्या कोडवर पाच लिटर, फॅट जो एकत्र निघेल तो. कधी चार पूर्णांक दोन, कधी चार पूर्णांक एक. कुठे सुळका नाही, कुठे शून्य नाही. मला वाटलं, यंत्राला टापटीप पाहिजे, तर घे टापटीप. दोन दिवसांत ठिपका पिवळा झाला. मी चक्कीवाल्या वहिनीला दाखवलासुद्धा. पाचव्या दिवशी तो परत लाल झाला आणि या वेळी त्याच्यात उद्गारचिन्ह होतं.

गुरुवारी फोन आला.

"काकू, हे काय करून ठेवलं तुमी?" सुपरवायझर एरवी हळू बोलतो, आज ओरडत होता. "सात जनींच्या गाई रोज बरोब्बर पाचच लिटर देतात? फॅटबी सगळ्यायचं एकच? जनावरं हायत का नळ?"

मी फोन कानापासून जरा लांब धरला.

"आता नुसता संशय नाई. आता बनावट नोंद असं लिहून आलं, अन् तुमच्या लॉगिनवरून. आता तिसऱ्या पंधरवड्याची वाट नाई पाहत. सोमवारी सकाळी मॅडम येऊन राह्यली. संग टेम्पो बी येते."

"टेम्पो कायले?"

"कूलर न्यायले, काकू. अजून कायले?"

दुपारी मी सगळ्यांना चक्कीवर बोलावलं. वहिनीने चक्की बंद केली, तरी पीठ हवेत तरंगत होतं. पाच जणी वेचणीवरून थेट आलेल्या, कमरेला कापूस भरायची ओटी तशीच बांधलेली. मी जे केलं ते सांगितलं, पहिल्यापासून, न सजवता.

"म्हंजे आमच्या नावावर तूच खोटं लिहलं," मंगळवारवाली म्हणाली.

"हो."

"अन् आमाले विचारलं बी नाई."

"विचारलं असतं तर तू काय म्हणाली असती?"

"लिही म्हनलं असतं," ती म्हणाली, आणि दोघी-तिघी हसल्या. मला हसू आलं नाही.

वहिनीचं मत होतं की मशीन बिघडली होती असं सांगायचं. "मशीनच हाय ते, बिघडू नाई शकत का? आमची चक्की महिन्यातून दोनदा बिघडते."

"तिथं नागपुरात मशीन कधी चालू होती, कधी बंद होती, ते पण दिसतं," मी म्हणाले.

"असं बी दिसते? मंग आपन काय जेवलो तेबी दिसत असन."

आत्याबाई तोवर पोत्यावर बसून पाय चोळत होत्या. सत्तरीच्या, घरी एकट्या, दोन गवळाऊ गाई. पांढऱ्या, काटक, कमी दूध देणाऱ्या. दोन्हींचं मिळून सकाळी जेमतेम पाच लिटर निघायचं आणि कधीकधी डबा भरायला त्यांची धावपळ व्हायची. आम्ही त्यांना सांभाळून घेतो, असं आम्हा सहा जणींचं मत होतं. माझं तर होतंच, कारण माझी जर्सी एकटीच नऊ लिटर द्यायची.

"खरं सांगून टाक ना बाई," आत्याबाई म्हणाल्या. "चोरी थोडी केली आपन. सावड केली."

"त्यांना सावड समजणार नाही, आत्याबाई."

"तुले कसं मालूम? सांगून पाह्यलं का?"

ठरलं ते असं: सोमवारी सातही जणींनी आपापला डबा घेऊन यायचं. वेचणीचं एक दिवसाचं नुकसान, पण ते टाकी जाण्यापेक्षा स्वस्त.

सोमवारी साडेसहाला मी खोली उघडली. सातला जीप आली आणि तिच्यामागे टेम्पो. टेम्पोत दोन माणसं, साखळी आणि पान्यांची पेटी. मॅडम माझ्या अपेक्षेपेक्षा फार लहान निघाली. सव्वीस-सत्तावीसची असेल. चहा नको म्हणाली, खुर्ची घेतली, लॅपटॉप उघडला आणि विचारलं, "या नोंदी तुम्ही केल्या?"

"मी केल्या. खोट्या आहेत."

तिने वर बघितलं. बहुतेक लोक आधी नाही म्हणत असावेत.

मी सावड सांगितली. वार सांगितले, डबा सांगितला, नऊ वर्षं सांगितली. ती ऐकत होती, पण विश्वास ठेवत नव्हती हे तिच्या भुवयांवरून कळत होतं.

"म्हणजे सात घरांचं दूध रोज एकत्र होतं आणि कुणीच हिशेब ठेवत नाही?"

"डबा भरलेला असला की झालं."

"कुणी पाणी घातलं तर?"

"तर बाकीच्या सहा जणी तिला गावात राहू देणार नाहीत."

सुपरवायझर खोकला. मॅडमने लॅपटॉपवर काहीतरी बघितलं आणि म्हणाली, "ठीक आहे. तुमच्या हाताने केलेल्या नोंदी मी धरत नाही. पण त्याआधीचे सुळके यंत्राने मोजलेले आहेत. पस्तीस लिटर, फॅट चार पूर्णांक दोनच्या आसपास. आज सातही जणींचं दूध माझ्यासमोर वेगवेगळं मोजा. मग एकत्र करून मोजा. पस्तीस आणि चार पूर्णांक दोन आलं, तर तुमची गोष्ट खरी. नाहीतर टेम्पो आलेलाच आहे."

दाराबाहेर पाच जणी उभ्या होत्या. आत्याबाई नव्हत्या.

आम्ही सुरू केलं. काट्यावर डबा, यंत्रात नमुना, मग बाहेरच्या पाटीवर लाल आकडा. मागे बाकीच्या गावाची रांग, तिच्यातला प्रत्येक जण तो आकडा बघणार. वहिनी, चार पूर्णांक चार. मंगळवारवाली, चार पूर्णांक दोन. चार पूर्णांक तीन. चार. तीन पूर्णांक नऊ. मग मी माझा डबा ठेवला. नमुना घातला. यंत्र नेहमीइतकाच वेळ घेतं, मला जास्त वाटला.

तीन पूर्णांक चार.

रांगेत कोणीतरी "अरे बापरे" म्हणालं. मी पाटीकडे बघितलं नाही, कारण आतल्या यंत्रावरही तोच आकडा होता. केंद्र चालवणाऱ्या बाईचं दूध सगळ्यात पातळ. पाणी नव्हतं त्यात, जर्सीचं दूध असंच असतं. पण हे रांगेला ओरडून सांगता येत नाही.

"तीस लिटर," मॅडम म्हणाली. "सातवी कुठे आहे?"

"येतील."

"सहांचा सरासरी फॅट चार पूर्णांक शून्य येतो. जुळत नाही."

टेम्पोतल्या माणसाने, कोणी न सांगता, कूलरच्या पाइपाला पाना लावून बघितला. मी त्याला हात काढ म्हणाले. त्याने मॅडमकडे बघितलं. मॅडमने घड्याळाकडे. रांगेतलं दूध उन्हात उभं होतं आणि लोक कुरकुरायला लागले होते. मी वहिनीला आत्याबाईंच्या घरी पिटाळलं.

वहिनी परत आली ती एकटीच. "गाय पान्हा नाई सोडून राह्यली," ती धापा टाकत म्हणाली. "टेम्पोच्या आवाजानं बिचकली. आत्याबाई म्हनते, थांबा म्हना नागपूरवालीले."

मॅडमने ते ऐकलं. "किती वेळ?" तिने मला विचारलं.

गाईला वेळ विचारता येत नाही, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हणाले, "पंधरा मिनिटं."

पंचवीस मिनिटं लागली. त्या पंचवीस मिनिटांत मी काय काय मोजलं ते लिहीत नाही. आत्याबाई आल्या, डबा काखेत, लुगड्यावर शेणाचा शिंतोडा. डबा काठोकाठ. त्यांनी तो स्वतः काट्यावर ठेवला, मला हात लावू दिला नाही.

पाच लिटर. यंत्र थांबलं आणि पाटीवर आकडा आला. पाच पूर्णांक एक.

मॅडमने नमुना परत घ्यायला लावला. पुन्हा पाच पूर्णांक एक. मग सातही डबे एका मोठ्या कॅनमध्ये ओतले, ढवळले, मोजले. पस्तीस. चार पूर्णांक दोन.

"जुळलं," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा चेहरा तिच्या वयाचा दिसला. "तुमच्या सावडीसाठी मी गट कोड करायला सांगते. सात जणींचा एक कोड, एकीने आणलं तरी चालेल. हे सिस्टीममध्ये बसवता येईल. पण पुन्हा हाताने नोंद केलीत तर मी काही करू शकणार नाही."

टेम्पो रिकामा गेला. रांग पुढे सरकली. दुपारी ठिपका हिरवा झाला आणि मी दोन घास खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावडीचे डबे गोळा करायला मंगळवारवाली निघाली. आत्याबाईंच्या दारात गेली तर त्या घरी नव्हत्या. त्या रांगेत होत्या, पहिल्या, आपला डबा घेऊन.

"आत्याबाई, आज मंगळवार आहे," मी खिडकीतून म्हणाले.

"मालूम हाय मले."

"मग?"

"मंग काय? माह्या कोडवर घे." त्या आवाज न चढवता म्हणाल्या. "नऊ वर्सं माह्यं दूध तुह्या जर्सीत गेलं. मी काऊन आता घालू? तुमी समद्या म्हनत होत्या, म्हातारीले सांभाळून घेतो. कोन कोनाले सांभाळत होतं, ते पाटीवर आलं ना."

रांग ऐकत होती. मी डबा काट्यावर ठेवला आणि आकडा नोंदवला. त्या चुकीचं काहीच बोलल्या नव्हत्या.

चार पूर्णांक चारवाली वहिनी गुरुवारी वेगळी झाली. चार पूर्णांक तीनवाली तिच्यामागोमाग. उरलेल्या आम्ही आठवडाभर रेटलं, मग प्रत्येकीला वाटायला लागलं की आपल्यापेक्षा दुसरीचं पातळ आहे. ते खरंही होतं, एक माझं सोडलं तर. नऊ वर्षं टिकलेली सावड अकरा दिवसांत संपली. भांडण झालं नाही. एकेक बाई रांगेत दिसायला लागली, एवढंच.

फायदा-तोटा सांगायचा तर दोन्ही झाले. आत्याबाईंच्या गवळाऊंना आधी कोणी विचारत नव्हतं, आता त्यांच्या कालवडीला तीन घरांतून मागणी आली. डॉक्टर म्हणाला की या जातीचं दूध असंच असतं, आम्हीच लिटर मोजत बसलो होतो. मी सरकीची ढेप वाढवली, हिरवा चारा बदलला, माझा आकडा तीन पूर्णांक सातवर आला. उलट वहिनीने वेचणी सोडली, कारण रांगेतून सुटून शेतात पोचेपर्यंत चांगल्या ओळी गेलेल्या असतात. मंगळवारवाली सासूला रांगेत उभी करते आणि सासू रोज मला त्याबद्दल ऐकवते.

गट कोड मॅडमने शब्द दिल्याप्रमाणे करून पाठवला, पण तोवर सावड मोडली होती. ॲपमध्ये तो आमच्या गावाखाली दिसायचा, रोज शून्य लिटर. महिना झाल्यावर संदेश आला की तीस दिवस शून्य असलेल्या कोडमुळे केंद्राचा दर्जा घसरतो आहे. ठिपका पिवळा झाला होता. कोड बंद करायचा का? हो किंवा नाही.

सकाळची वेळ होती. सावडीतली बाकीची सहाही घरं रांगेत होती, वेगवेगळ्या जागी. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "सावडीचा कोड बंद करते आहे. कोणाला परत करायची असेल तर आत्ता सांगा."

वहिनीने मंगळवारवालीच्या सासूकडे बघितलं. सासूने दुसरीकडे.

"कर ना बंद, कायले विचारतं?" आत्याबाई म्हणाल्या. "माह्यं दूध तापून राह्यलं."

मी हो दाबलं. त्यांचा डबा घेतला आणि काट्यावर ठेवला.